ओका हात

देशिंगे बाई आमच्या दारात चपला काढत होत्या, तेव्हा मी तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होते. तांब्याला तोंड लावायचं नाही असा घरचा दंडक होता. पण तो दिवस रविवारचा होता, आणि रविवारी पाण्याच्या बाबतीत मला कुणी काही बोलत नसे.

"पद्मजा, आई आहे का गं घरात?"

मला असा ठसका लागला की निम्मं पाणी फ्रॉकवर आलं. बाई कशाला आल्यात हे त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.

आम्ही कासार. तासगावच्या अलीकडे आमचं गाव. पुढच्या सोप्यात बांगड्यांचं दुकान, मागं राहतं घर. अण्णा सायकलीच्या कॅरिअरला पेटी बांधून आठवड्याचे बाजार करत, घरचं दुकान आई बघायची. मी तेव्हा चौथीत होते. माझे पाय जन्मापासून ताठ, गुडघे एकमेकांना सोडायला तयार नसायचे. भिंत असेल तिथं भिंत धरून चालायचे, नसेल तिथं कुबडी. शाळेच्या वेळी अण्णा सायकलीवरची पेटी उतरवायचे आणि तिच्या जागी मला बसवायचे. "माल काचंचा हाय, सावकाश जावा!" असं आई रोज मागून ओरडायची आणि रोज स्वतःच हसायची.

तर त्या रविवारी नागपंचमी तोंडावर आली होती. पंचमीला नव्या बांगड्या भरल्याशिवाय आमच्याकडची बाई झोक्याला हात लावत नाही. सकाळपासून सोपा बायकांनी फुलला होता आणि नुकताच कुठं रिकामा झाला होता. आईनं दारात बाईंना पाहिलं आणि तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

"या, या! म्हटलंच मी, समदं गाव भरून गेलं आन् पोरीच्या बाईच कशा आल्या न्हाईत. टेका."

"नाही हो, मी दुसऱ्याच कामासाठी..."

"दुसरं-तिसरं मागनं. डावा हात आणा."

बाई बसल्या. त्यांचा इलाज नव्हता. माझ्या आईची दोन रूपं होती. शाळेच्या फाटकापाशी ती गरीब गाय असायची. पालकसभेला यायची, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायची नाही. पदराचं टोक दातात धरून बाहेर उभी राहायची, सभा संपली की मला घेऊन निघायची. पण एकदा का समोरचीचं मनगट तिच्या हातात आलं, की तिनं कलेक्टरीणबाईचंही ऐकलं नसतं. हात तिच्या ताब्यात, म्हणजे माणूस ताब्यात.

"पद्मे, कुठला गं?" तिनं माझ्याकडं न बघता विचारलं.

मी बाईंच्या हाताकडं पाहिलं. "दोन-सहा. पण आंगठ्याचं हाड आडवं येतंय. साबण लागंल."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "हिला माप कळतं? नुसतं बघून?"

"न कळायला काय झालं? गिऱ्हाइकाचा हिशेबबी तीच करती. मला कुठं येतोय?" आई हिरव्या बांगड्यांची माळ सोडत म्हणाली. "सैल सोडा हात, बाई. पोलिसापुढं बसल्यागत काय बसलाय!"

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण गिळून बसल्या. मला मात्र कळलं त्या काय गिळून बसल्या ते. शुक्रवारी दुपारी मी शाळेच्या ऑफिसात सतरंजीवर डोळे मिटून पडले होते. बेडगे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, बाईंना सांगत होते, "मिरजेच्या अपंगांच्या शाळेत एक जागा आहे, महिनाअखेरपर्यंतच. वसतिगृह आहे, सगळी सोय आहे. ही आपल्याकडं नुसती झोपते, गणितात तर पाटी कोरी. तुम्ही घरी जाऊन त्यांना समजवा." सरांना वाटलं मी झोपलेय. डोकं इतकं ठणकत होतं की झोप कसली लागतेय! मिरज म्हणजे वसतिगृह, म्हणजे आई नाही, अण्णांची सायकल नाही, संध्याकाळचं दुकान नाही. दोन दिवस मी ते पोटात ठेवून होते, कारण आईला सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, तू ऑफिसात सतरंजीवर काय करत होतीस?

आईनं बाईंचा अंगठा आत दुमडला, हाडं दाबली आणि एकेक करून डावा हात गच्च भरला. हिरवागार झाला हात. बाईंनी तो हलवून पाहिला, क्षणभर खूश झाल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "पद्मजाची आई, मी बांगड्यांसाठी आले नव्हते हो."

"मग?"

बाईंनी सगळं सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं, तिच्या भल्याचंच आहे असं तीनदा सांगितलं. आई ऐकत होती. तिच्या हातात उजव्या हाताची पहिली बांगडी तशीच राहिली.

"दुपारच्या सुट्टीनंतर ती वर्गात असून नसल्यासारखी असते," बाई म्हणाल्या. "डोकं धरते, मान टाकते. तिला ताण सोसत नाही. मीच मग तिला ऑफिसात नेऊन झोपवते. उगाच त्रास कशाला द्यायचा लेकराला?"

"झोपवताय? शाळंत?"

"वर्ष झालं."

"आन् दुपारचं तुमी वर्गात काय शिकवता?"

"गणित."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. "म्हंजे पोरगी निजल्यावर तुमी गणित शिकवता, आन् वर म्हणताय हिला गणित येत न्हाई?"

"माझ्यावर काय ओरडताय? मी दयेपोटी करत होते!" बाईंचाही आवाज चढला. "आणि तुम्ही कधी शाळेत येऊन विचारलंत? पालकसभेला फाटकाबाहेर उभ्या राहता! वर्गात पोरगी काय करते, काय खाते-पिते, एकदा तरी चौकशी केलीत? येते मी." त्या ताडकन उठल्या.

"खाली बसा," आई म्हणाली.

"मला नाही भरायच्या पुढं."

"खाली बसा, बाई. एक हात भरून दुसरा ओका ठिवून आमच्या दारातनं कुठली सवाष्ण गेल्याली न्हाई. माज्या सासूच्या वेळंपास्नं न्हाई. भांडायचं तर बसून भांडू."

बाई बी.एड. झालेल्या होत्या, सांगलीच्या होत्या, रेडिओवर एकदा बोललेल्या होत्या. पण एका हाताला बांगड्या आणि दुसरा हात ओका, हे कुठल्याही शिकल्यासवरल्या बाईला दाराबाहेर घेऊन जाता येत नाही. त्या उजव्या हाताकडं बघत परत बसल्या आणि तोंड भिंतीकडं करून हात पुढं केला.

मग जे भांडण झालं तसं मी नंतर कधी पाहिलं नाही. हात हातात आणि तोंडं दोन दिशांना.

"सैल सोडा की!"

"मी रागात आहे!"

"राग तोंडात ठिवा, हातात नगं. बांगडी जाईल."

"मिरजेला तिची काळजी घेतील."

"आमी काय करतोय मग?"

"वर्गात बावीस मुलं आहेत माझ्या, एकटीकडं किती बघू?"

"मी म्हणतेय का बगा म्हणून? मी उलट तुमाला तरास हू नये म्हणून..." आणि इथं आई थबकली.

मी घाबरले होते. घाबरलं की मला तहान लागते, आणि तांब्या तर शेजारीच होता. उचलला आणि परत तोंडाला लावला.

बाईंची मान वळली. "ही मघापासून किती पाणी पितेय! शाळेत तर हिच्याजवळ बाटली नसते. वर्गातल्या माठाकडंसुद्धा ही कधी गेलेली मी पाहिली नाही."

"आज रविवार हाय," मी म्हणाले. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. सोमवारी शाळा, रविवारी पाणी.

"रविवार म्हणजे?"

बाईंनी आईकडं पाहिलं. आईच्या हातातली बांगडी बाईंच्या बोटांच्या सांध्यावर होती, ती तिथंच कडकन वाढली. आमच्यात फुटली म्हणत नाहीत. बाईंना काही झालं नाही, काच आईच्याच अंगठ्यात शिरली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या हातावर तिची बांगडी वाढलेली मी पहिल्यांदा पाहत होते. तिनं अंगठा तोंडात धरला, रक्त थांबवलं, आणि मग खाली बघत सांगून टाकलं.

मी पहिलीत असतानाची गोष्ट. शाळेची मुतारी मागच्या अंगाला, वर चढायला दोन उंच पायऱ्या, धरायला काही नाही. एकदा मला तिथवर पोचायला जमलं नाही आणि व्हरांड्यातच व्हायचं ते झालं. पोरं हसली. बेडगे सरांनी अण्णांना बोलावून मला घरी धाडलं आणि म्हणाले, "असं परत झालं तर पोरीला घरीच ठेवा."

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आईनं माझं पाणी तोडलं. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत थेंब नाही. चहा नाही, ताक नाही, आमटी नाही. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आणि हे शाळेत सांगायचं नाही, तिच्या गळ्याची शपथ. सांगितलं तर नाव काढतील.

"उनाळ्यात बी, बाई," आई म्हणाली. "शाळंतनं आली की सरळ घागरीकडं जाती. ती पाणी पिती तवा मी त्वांड फिरिवते. बगवत न्हाई मला. पण शाळा तर ऱ्हायली की न्हाई तिची? ऱ्हायलीच की!"

बाईंनी माझ्याजवळच्या तांब्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "अहो, डोकं दुखणारच. मान टाकणारच. दिवसभर पाणी नाही म्हटल्यावर घोडासुद्धा उभा राहणार नाही. आणि मला वाटलं, पोरीची बुद्धीच..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही तिला सुकवत होता आणि मी तिला झोपवत होते."

"दोघी मायेनंच की," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

दोघींची माया खरीच होती, त्यात मला तेव्हाही शंका नव्हती. फक्त त्या दोघींच्या मायेत माझा पार बेदाणा झाला होता.

आई रडत होती तरी बाईंचा हात तिनं सोडला नव्हता, आणि बाईंनीही काढून घेतला नव्हता. थोड्या वेळानं आईनं डोळे पुसले, अंगठ्याला चिंधी बांधली, नवी माळ सोडली आणि उजवा हात भरायला घेतला. आता हात सैल होता. साबणसुद्धा लागला नाही.

भरून झाल्यावर रीतीप्रमाणे बाईंनी बांगड्यांना नमस्कार केला, आणि मग वाकून आईला. आई हबकली. "आवं, हे काय!"

"कासाराला नमस्कार करतातच की. उद्या सकाळी शाळेत यायचं. फाटकाच्या आत. आणि पद्मजा घरून निघताना तांब्याभर पाणी पिऊनच निघेल."

"आन् काय झालं म्हंजे?"

"काय व्हायचंय? मी आहे ना तिथं."

सोमवारी आई फाटकाच्या आत आली. पदर दातात नव्हता, पण घट्ट मुठीत होता. बेडगे सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी सगळं सांगितल्यावर ते खरंच गोंधळले.

"मी असं म्हणालो होतो? घरीच ठेवा म्हणून? मला तर काही आठवत नाही."

"तुमाला कसं आठवंल, सर?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "पाणी तिनं सोडलं हुतं."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. नंतर तो त्यांनी उचललाच नाही.

"ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण पायऱ्यांचं काय? बांधकाम म्हटलं की मंजुरी लागते, तालुक्याला जावं लागतं. तोवर मिरजेची जागा जाईल."

तेवढ्यात दाराशी खुडबूड झाली. अण्णा. त्यांच्या हातात आमच्या दुकानातला लोखंडी पाइप होता, बांगड्यांच्या माळा अडकवायचा, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. "ह्यो चालंल का धरायला? मधनं कापला की दोन हुत्यात," ते म्हणाले. "शिमिट माज्याकडं हाय. ह्याला मंजुरी लागत आसंल तर आमी रविवारी कुणी नसताना बशिवतो."

"तसलं काही बोलू नका माझ्यासमोर," सर घाईघाईनं म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

"आणि गणित उद्यापासून सकाळी पहिल्या तासाला," बाई म्हणाल्या.

"वेळापत्रक भिंतीवर लागलंय, बाई."

"वर्ग माझा आहे, सर. भिंत तुमची."

सरांनी दोघींकडं पाहिलं. दोघींच्याही हातात सारख्याच हिरव्या बांगड्या होत्या. "बरं. महिनाअखेरपर्यंत बघू. दुपारी जागी राहिली आणि आधीसारखं काही झालं नाही, तर राहील. नाहीतर मिरज. माझं पण कुणीतरी ऐका."

पंचमीच्या सुट्टीत अण्णांनी पाइप बसवले, एक पायऱ्यांच्या कडेला, एक आत. पहिल्यांदा त्यांनी आपल्या उंचीनं बसवला. मी हात वर करून लोंबकळले तेव्हा आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरगी जायचीय का तुमी?" मग बाईंनी मला भिंतीला उभं केलं, मी जिथं धरायचे तिथं खडूनं रेघ मारली, आणि आईनं वीत लावून सांगितलं, अजून जरा खाली, पोरगी दमल्यावर वाकती. घरात मी दमल्यावर कशी उभी राहते हे आईला माहीत होतं, शाळेत मी कुठं अडखळते हे बाईंना. त्या दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच एका भिंतीवर आल्या.

सुट्टी संपली. दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी वर्गातल्या माठाकडं गेले. तीन वर्षं मी त्या माठाकडं पाठ करून बसले होते. पाणी गार होतं, मातीचा वास होता. एक पेला प्याले, मग दुसरा. शेजारची पोरगी म्हणाली, "आगं, तू पाणी पितीस?" जसं काही मी विडीच ओढत होते.

तास सुरू झाला. डोकं दुखेना. बाईंच्या अक्षराची वळणंसुद्धा दिसत होती. आणि अशात बेडगे सर दारात येऊन उभे राहिले. कशाला आले ते सगळ्यांना कळलं. मी जागी आहे का बघायला. मी चांगली टक्क जागी होते. पण मला लागली होती.

आता आली का पंचाईत! सर दारातच होते. धरून ठेवावं तर शपथेचे दिवस परत, आणि सांगावं तर सरांच्या अंगावरून जायचं. मी बाईंकडं पाहिलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, पण जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, येतील, उचलतील. त्यांनी फक्त दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि बांगड्या किणकिणल्या.

मी हात वर केला. "बाई, जाऊन येऊ?"

"ये जाऊन," त्या म्हणाल्या आणि फळ्याकडं वळल्या.

सर बाजूला सरकले. व्हरांडा, भिंत, मग मोकळं अंगण, कुबडी, मग पायऱ्या. पाइप उन्हानं तापला होता आणि त्यावर आमच्या दुकानातल्या सुतळीचा एक तुकडा अजून बांधलेला होता. तो धरला आणि चढले. एक पायरी, मग दुसरी. आतला पाइप बरोबर खांद्याखाली आला, आई म्हणाली होती तिथं. सगळं नीट झालं. मला वेळ लागला, पण कुणी हाक मारली नाही, कुणी बघायला आलं नाही.

परत निघाले तेव्हा फाटकाकडं नजर गेली. आई फाटकाच्या आत लिंबाखाली उभी होती, हातात बांगड्यांची माळ, जसं काही शाळेत विकायलाच आलीय. मी पाणी पिताना फिरवायची तसं तोंड तिनं आता फिरवलं नाही.

वर्गाच्या दारात सर अजून उभे होते. मी त्यांच्या अंगावरून आत गेले. जागेवर जायला मधूनच वाट होती, पण मी माठाकडून गेले. पेला भरला आणि सरांकडं बघत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

मिरजेचं नाव पुढं शाळेत कुणी काढलं नाही.

आता दुकान मी बघते. माळा मी सुतळीवरच टांगते, कारण तो पाइप काही परत आला नाही. शाळेत नवी फरशी झाली, उतार झाला, पण पाइप काढू दिला नाही मी. अपंग लेकरू नव्यानं शाळेत आलं की हल्ली मला बोलावतात. मी आधी त्या लेकराच्या आईला विचारते, मग त्याच्या बाईला, आणि दोघींना समोरासमोर बसवूनच विचारते.

देशिंगे बाई निवृत्त झाल्या, सांगलीला असतात. पण पंचमीच्या आधीच्या रविवारी एसटीनं येतातच. मी त्यांचा डावा हात भरते आणि थांबते.

"हं, बोला बाई. काय भांडायचंय?"

त्या उजवा हात पुढं करतात आणि मागं घागरीकडं मान वळवतात. "आधी पाणी पिऊन ये," म्हणतात.